भाऊबिजेची गाडी

दिवाळी जवळ आली की लोकांच्या घरी आकाशकंदील लागतो, आमच्या घरी नानांच्या पोटात गोळा यायचा. नाना म्हणजे माझे वडील. नगरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. कारकुनी ते पोटासाठी करायचे आणि काळजी अगदी जीव लावून.

वसुबारसेपासून त्यांचं सुरू व्हायचं. रॉकेल संपलं तर? चकलीच्या तेलाने पेट घेतला तर? शेजारच्या पोरांचा बाण आपल्या कौलांत शिरला तर? आई स्टोव्हपाशी चकल्या तळत बसलेली आणि हे तिच्या पाठीशी पाण्याची बादली घेऊन उभे. आई म्हणायची, "अहो, ती बादली आधी बाहेर न्या. उकळत्या तेलात पाणी सांडलं तर मग बघा काय होतं ते." झालं! आता तेलात पाणी सांडायची एक नवीन काळजी त्यांच्या हाती लागायची आणि ती घेऊन ते अंगणात फेऱ्या मारायचे. सणासुदीला माणसाने हसावं, खावं, गप्पा माराव्यात. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला सुद्धा देवीपेक्षा समईकडे जास्त लक्ष, कारण समई कलंडली तर?

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे एसटीचा प्रवास. देवा रे देवा! दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की नाना आदल्या दिवशीच स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारून यायचे. मग सकाळी गाडीच्या कितीतरी आधी आम्ही तिघं स्टँडवर. तिथे ते चौकशीच्या खिडकीत विचारणार, मग कंडक्टरला विचारणार, मग शेंगदाणे विकणाऱ्याला विचारणार. त्यांचा एक नियम होता, तो ते स्टँडवरच्या अनोळखी माणसांनाही ऐकवायचे : "आलेल्या गाडीच्या पाटीवर जाऊ नका. ती जिथून आली तिथली पाटी असते. कंडक्टर उतरून पाटी बदलतो, तेव्हा खरं." लोक मान डोलवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे.

पण नियम सांगून जागा मिळत नाही. दिवाळीत तर गाडी स्टँडात शिरायच्या आत माणसं तिच्या बरोबरीने पळत असायची. कुणी खिडकीतून रुमाल टाकतंय, कुणी टोपी, कुणी पिशवी. जिथे वस्तू पडली ती जागा आपली, असा सगळ्यांनी मानलेला कायदा. नानांचा रुमालावर विश्वास नव्हता. रुमाल कुणी उचलून बाजूला ठेवला तर? म्हणून ते खिडकीतून मला टाकायचे. मी घरात एकुलती एक पोर, अंगाने काडी. माझ्या काखेत हात घालून ते मला उचलायचे आणि खिडकीच्या गजावरून आत ढकलून द्यायचे. माझे गुडघे सोलले जायचे, फ्रॉक टरकायचा, आतल्या बायका ओरडायच्या. मी मात्र एका बाकावर आडवी पडून हातपाय पसरायचे आणि जो येईल त्याला सांगायचे, "माणसं येताहेत, जागा धरलीय." दिवाळीचा नवा फ्रॉक मी कधी धड घातला असेल तर शपथ.

अशा माणसाने माझ्या मामाच्या घरी लग्नात काय करावं? ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एकुलता एक. तिसगावला शेती, रस्त्यालगतच घर. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आई नवरीची आत्या, तिला मान, तिला कामं, ती त्या दिवशी जमिनीवर नव्हतीच. आणि इकडे जेवणाच्या पंगती उठायच्या आतच नानांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. शेवटची गाडी चुकेल. मामा म्हणाला, "दाजी, जरा दम धरा. पाठवणी झाली की मी सोता बसवून देतो." बस्स. दम धरा म्हणालेलं नानांना कधीच सोसत नसे, कारण तेवढं एकच त्यांना जमत नव्हतं. भर मांडवात ते ओरडले, "आम्ही कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही! पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही!" आणि आईच्या दंडाला धरून, मला पुढे घालून, तरातरा थेट रस्त्यावर.

गाडी त्या दिवशी उशिरा आली. येणारच! आम्ही रस्त्याकडेला बसून राहिलो आणि वऱ्हाडाचा ट्रक आमच्यासमोरून गेला. नवरी तोंड झाकून रडत होती, तिला आम्ही दिसलो नाही. आईने हात वर केला होता. ट्रक गेला आणि तिने तो खाली घेतला.

त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही तिसगावला गेलो नाही. नाना विषय काढत नसत. आई तर नाहीच नाही. मला वाटायचं, मोठ्या माणसांचं मिटलं असेल.

मग बाहत्तरच्या दुष्काळाआधीची दिवाळी आली. तिसगावचा एक दुकानदार नगरला माल भरायला यायचा, तो आमच्या दारात सायकल टेकवून उभा राहिला आणि मामाचा निरोप सांगून गेला : "आक्काला म्हणावं, या भाऊबिजेला पाट मांडून ठेवतो. आली तर आली. न्हाई आली तर इथून पुढं मी बोलवायचा न्हाई."

आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला. तो गेल्यावर ती नानांना एवढंच म्हणाली, "मी जाणार आहे."

"जाऊ की," नाना म्हणाले. "जाऊ. ओवाळायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम नको."

तेव्हापासून भाऊबिजेपर्यंत त्या माणसाने आमचा जो छळ मांडला, त्याला तोड नाही. झोप नाही, जेवण नाही. दोन घास खाल्ले की पोट धरून बसायचे. स्टँडवर किती वेळा जाऊन आले कोण जाणे. गर्दी फार आहे म्हणे. कोयता घेतलेली माणसं ऊसतोडीला निघालीत म्हणे. टायर फुटला तर काय म्हणे. करंजीच्या घाटात गाडी बंद पडली तर? आई पिशवी भरत होती : ओवाळायचं ताट, सुपारी, मामासाठी नवी टोपी, डब्यात अनारसे. एकदा मात्र ती वैतागून म्हणाली, "अहो, घाट जागेवर आहे, गाडी जागेवर आहे. तुमचं काय जागेवर नाही तेवढं सांगा." नाना बाहेर निघून गेले.

भाऊबिजेला दिवस उजाडताच आम्ही स्टँडवर. गर्दीचं तर विचारूच नका. ट्रंका, बोचकी, पोरं, कोंबडी, माहेरी निघालेल्या बायका आणि त्यांच्यावर खेकसणारे नवरे. पाथर्डीची गाडी तिसगावावरून जायची, आम्ही तिची वाट बघत उभे. पिशवी माझ्या गळ्यात अडकवलेली, कारण खिडकीतून आत गेल्यावर दोन जागा धरायला काहीतरी वस्तू हवी.

एक गाडी धुरळा उडवत आत शिरली. पाटीवर पाथर्डी. माणसं धावली. नाना मला घेऊन धावले, काखेत हात घातले, आणि मी गजावरून आत. सवयीप्रमाणे मी बाकावर आडवी झाले, शेजारच्या जागेवर पिशवी टाकली. एक जाडजूड बाई म्हणाली, "उठ गं पोरी, बसू दे." मी म्हटलं, "माणसं येताहेत!" ती म्हणाली, "माझी काय जनावरं हायेत व्हय?" तिच्या मागून तिचं अख्खं बिऱ्हाड येत होतं. मी पाय घट्ट रोवले, एका पोराला कोपर मारलं, माझी वेणी कुणीतरी ओढली. ही युद्धं मी जिंकत आले होते, हीही जिंकले असते. तेवढ्यात कंडक्टरने पाटी बदलली आणि खालून कुणीतरी ओरडलं, "पुणतांबा! पुणतांबा!"

"ही गाडी कुठली?" मी त्या बाईला विचारलं.

"पुणतांब्याची. मंग कुठली?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. स्टँडच्या पलीकडच्या कडेला दुसरी गाडी उभी होती, खचाखच भरलेली, आणि तिच्या दाराच्या पायरीवर आई होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि डोळे मला शोधत होते. ती पाथर्डीची गाडी होती. मी बोंब मारली, "आई! मी इकडं!" आईने मला पाहिलं. तिने त्या गाडीची दांडी सोडली आणि खाली उतरली.

माझी गाडी तोवर हलली. गजावरून आत यायला नाना होते, बाहेर जायला कोण? माणसं अशी दाटली होती की माझा आवाज घंटीच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या कंडक्टरपर्यंत पोचेना. एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा, असं करत करत सावेडीपाशी घंटी वाजली. तेव्हा सावेडीत काय होतं? चार बंगले आणि बाकी रान. कंडक्टर लालबुंद झाला होता. "कुणाची पोरगी ही? आईबाप आहेत की नाहीत?" मला खाली उतरवून त्याने त्याच्या मनात होतं नव्हतं ते सगळं माझ्या खानदानाबद्दल बोलून घेतलं. मी पिशवी पोटाशी धरून रस्त्यावर भोकाड पसरलं.

मागून नाना आले, कुणाची तरी सायकल घेऊन. घामाने निथळत होते. "लागलं का?" एवढंच विचारलं. मला कॅरिअरवर बसवलं आणि सायकल परत फिरवली. मला वाटलं होतं ते आता गाडीवर, कंडक्टरवर, गर्दीवर तोंडसुख घेतील. पण ते मान खाली घालून नुसते पेडल मारत राहिले.

स्टँडवर आलो तेव्हा पाथर्डीची गाडी गेलेली होती. आई एका खांबाला टेकून उभी. मला तिने जवळ घेतलं, गुडघे पाहिले, पदर थुंकीने ओला करून रक्त पुसलं. मग ती नानांकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पाटी बदलायच्या आधी तुम्ही पोरीला आत टाकलंत."

नाना सायकलचं स्टँड लावत राहिले.

"स्टोव्ह बंद केला का म्हणून कोपऱ्यावरून तीनदा परत जाणारा माणूस तुम्ही. सगळ्या जगाला पाटीचा नियम सांगता. आज कंडक्टरला विचारलंत?"

"गर्दी होती..."

"विचारलंत का? की विचारायचंच नव्हतं?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. आईला पर्वा नव्हती. "दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी चांदोबाला ओवाळलंय. ज्या बाईला भाऊ नाही तिने करायचं असतं ते. माझा भाऊ जिवंत आहे, धडधाकट आहे, इथून काही कोसांवर बसलाय, आणि मी परसात उभी राहून चंद्राला ताट दाखवते. काय वाटत असेल माझ्या जिवाला, कधी विचारलंत? रॉकेलची काळजी केलीत, टायरची केलीत. माझी कुणी करायची?" आणि ती रडायला लागली, भर स्टँडात, पदर तोंडावर न घेता.

तेव्हा मला कळलं की भाऊबिजेच्या संध्याकाळी ती ताट घेऊन परसात का जायची. मी आपली खुळी, मला वाटायचं हाही एक आपल्याकडचा रिवाज असेल.

नाना एका सिमेंटच्या बाकावर बसले. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "नाही विचारलं. तोंडातून शब्दच निघेना." मग टोपीची घडी घालत म्हणाले, "मला भीती वाटते गं. त्याच्या दारात जायची. सगळ्यांसमोर बोललो मी. आता तो सगळ्यांसमोर बोलेल. कधीपासून हेच चाललंय डोक्यात. रात्री डोळा लागत नाही."

घ्या! म्हणजे दोन वर्षं आमच्या डोक्याला जो ताप होता, तो टायरचा नव्हता, घाटाचा नव्हता, स्टोव्हचाही नव्हता. मामाचा होता. एवढं एक वाक्य आधी बोलले असते तर माझे गुडघे तरी वाचले असते.

आईने डोळे पुसले. "तुम्ही घरी जा मग," ती म्हणाली. "मी आणि पोरगी जातो. तुम्हाला भीती वाटते तर नका येऊ, मी जबरदस्ती करायची नाही. पण मला अडवू नका."

दुपारची गाडी आली तेव्हा आईने स्वतः कंडक्टरला गाठून विचारलं. पाटी बदलेपर्यंत ती जागची हलली नाही. मग निऱ्या खोचल्या, माझं मनगट पकडलं आणि दारातून घुसली. खिडकीबिडकी काही नाही. "सरा बाजूला, माहेरी जायचंय!" असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खरंच दोन माणसं सरली. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. मी खिडकीतून पाहिलं, नाना बाकावर बसून होते. गाडी हलली. स्टँडच्या फाटकापाशी आली तेव्हा ते उठले आणि टोपी हातात धरून पळत सुटले. कंडक्टर ओरडला, "अहो आजोबा, मराल!" चाळिशीचा माणूस तो, काळजीने आजोबा झालेला. कसेबसे पायरीवर चढले. आमच्या बाकावर तिसरी जागा होती, पण ते तिसगावपर्यंत दारातच उभे राहिले. आईने बोलावलं नाही.

मामा ओट्यावर बसला होता. आईला बघून तो उठला आणि तडक घरात गेला. आत पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी, ती सकाळची, पोरांच्या पायांनी विस्कटलेली. मामी म्हणाली, "सकाळधरनं उपाशी बसलेत. म्हनं आक्का आल्याबिगर जेवायचा न्हाई." मामा पाटावर बसला. आईने त्याला कुंकू लावलं, टोपी घातली, सुपारी ओवाळली, दिवा ओवाळला. ताट कलंडायला लागलं, तशी मामीने खालून हात दिला. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो टोपीच्या कडेने पुसत होता. नाना उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी उभे.

ओवाळून झालं. आई त्याच्या तोंडात अनारसा घालणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांब आक्का." आणि उठून थेट नानांसमोर जाऊन उभा राहिला. ओट्यावर शेजारपाजारची चार माणसं बसली होती, ती माना वळवून बघायला लागली.

"दाजी," मामा म्हणाला, "तुमी माझ्या लेकीच्या पाठवणीतनं तिची आत्या उचलून नेली. पोरगी ट्रकात बसस्तोवर इचारत हुती, आत्या कुठं गेली. मी तिला काय सांगायचं? लई राग आला हुता मला तुमचा. अजून हाय."

नाना मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलंच," मामा म्हणाला. "लई वंगाळ केलं तुमी." आणि मग घरात तोंड करून ओरडला, "अगं, दाजींना पाय धुवायला पानी दे. आन् ताटं घ्या आता, भूक लागलीय!"

झालं. संपलं. एवढंच. मामीने आम्हाला आल्या आल्या दिलेला चहा अजून गरम होता, मी पितच होते. ज्या गोष्टीपायी नानांनी दोन वर्षं स्वतःची झोप घालवली, आमची दिवाळी नासवली, मला पुणतांब्याच्या गाडीत कोंबलं, ती गोष्ट एक कप चहा निवायच्या आत उरकली होती. मला त्या वयातही इतका संताप आला की सांगता सोय नाही. आईच्या तोंडाकडे पाहिलं तर तिच्याही कपाळावर आठी होती. "एवढ्यासाठी?" ती मामीच्या कानात म्हणाली. "एवढ्यासाठी, बाई!"

नाना जेवले. मी त्यांना असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. मामीने वाढलं ते सगळं खाल्लं, पुन्हा मागून खाल्लं. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. मग मामाने ओसरीवर घोंगडी टाकली आणि म्हणाला, "पडा जरा दाजी." परक्या घरी पाठ न टेकणारा तो माणूस आडवा झाला आणि मामा तंबाखूची चंची काढतोय तोवर घोरायला लागला.

उन्हं कलली. पुढच्या अंगणात आई आणि मामी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, नवरीच्या सासरच्या गोष्टी चालल्या होत्या, हसणं चाललं होतं. आई तोंड उघडून हसत होती, मागे रेलून. तेवढ्यात लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. पाथर्डीहून नगरला जाणारी, आमची परतीची गाडी. त्यानंतर नगरला गाडी नव्हती.

माझ्या अंगात मुरलेलंच होतं ते. मी ताडकन उठले, पिशवी उचलली, नानांना हलवायला ओसरीकडे धावले. आईने मागून माझा फ्रॉक पकडला.

"बस खाली."

"अगं पण गाडी..."

"बस म्हटलं ना."

घरासमोरच्या रस्त्यावर गाडी थांबली. कुणी उतरलं, कुणी चढलं. कंडक्टरने घंटी दिली. ओसरीवर नाना कुशीवर वळले, पण जागे झाले नाहीत. गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत आई तिकडे बघत राहिली, मग तिने पाय लांब पसरले, शेंगांचं सूप मांडीवर ओढलं आणि मामीला म्हणाली, "हां, सांग पुढं. आता मला काही घाई नाही."